सहा डिप, सात सेकंद: दक्षिण ऑस्ट्रेलियाचं ग्रीड कसं कोसळलं आणि नंतर काय बदललं

२८ सप्टेंबर २०१६ रोजी दुपारी चार वाजून अठरा मिनिटांनी (पूर्व ऑस्ट्रेलियाच्या प्रमाणवेळेनुसार; पुढच्या वेळाही त्याच) दक्षिण ऑस्ट्रेलिया हे सबंध राज्य अंधारात गेलं. सुमारे साडेआठ लाख ग्राहकांची वीज एका क्षणात गेली. वादळ होतं, अतिउच्चदाब वाहिन्यांचे वीसहून अधिक टॉवर आडवे झाले होते आणि त्या वेळी राज्याची जवळपास निम्मी वीज वाऱ्यावरून येत होती. रात्र व्हायच्या आतच दोन तट पडले. एक म्हणे पवनचक्क्यांनी घात केला, दुसरा म्हणे एवढ्या वादळापुढे कुणाचं काय चालणार. दोन्ही उत्तरं अपुरी होती. चौकशीत जे निघालं ते या दोहोंपेक्षा बारीक आणि म्हणून जास्त महत्त्वाचं होतं: पवनचक्क्यांच्या कंट्रोलरमध्ये एक आकडा भरलेला होता, आणि ग्रीड चालवणाऱ्यांना तो माहीतच नव्हता.

पार्श्वभूमी

दक्षिण ऑस्ट्रेलिया हे राष्ट्रीय ग्रीडच्या शेपटाला असलेलं राज्य. क्वीन्सलंडपासून पूर्व किनाऱ्याने खाली येणारं जाळं व्हिक्टोरियातून पश्चिमेकडे वळतं आणि ॲडलेडच्या पुढे संपतं. २०१६ मध्ये व्हिक्टोरियाशी दोनच जोडण्या होत्या. हेवूडची जोडणी म्हणजे २७५ केव्हीची डबल सर्किट एसी लाइन. मरेलिंक ही २२० मेगावॅटची डीसी केबल. खरी नाळ हेवूडचीच, कारण दोन्ही राज्यांची फ्रिक्वेन्सी, म्हणजे एसी विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं (इथे ५० हर्ट्झ), एकत्र बांधून ठेवण्याचं काम एसी लाइन करते. मरेलिंकवरून वीज यायची, पण पलीकडच्या फिरत्या यंत्रांचा आधार तिच्यावरून आपोआप येत नव्हता.

त्याच वर्षी मे महिन्यात पोर्ट ऑगस्टाजवळचं ५२० मेगावॅटचं नॉर्दर्न केंद्र बंद झालं. राज्यातलं कोळशावरचं ते शेवटचं केंद्र. त्याच्या मेगावॅटची भरपाई वारा, गॅस आणि आयात मिळून होत होती. भरपाई झाली नाही ती जडत्वाची.

शेतातलं जुनं ऑइल इंजिन ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. डिझेल तोडलं तरी जड फ्लायव्हील फिरत राहतं आणि पट्ट्यावरचा पंप लगेच थांबत नाही. कोळसा, गॅस किंवा जलविद्युत संचाचा जडशीळ रोटर ग्रीडला हेच देतो. कुठे तूट पडली तर पहिल्या काही सेकंदांत कुणी काहीही न करता रोटरमधली ऊर्जा ग्रीडमध्ये उतरते आणि फ्रिक्वेन्सी हळू घसरते. आधुनिक पवनचक्की कन्व्हर्टरमागे, म्हणजे विजेचं रूप बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणामागे असते. तिचं पातं फिरत असलं तरी त्या फिरण्याचा ग्रीडच्या फ्रिक्वेन्सीशी थेट संबंध राहिलेला नसतो.

त्या दुपारची मांडणी आणि पहिला निर्णय

कोसळण्यापूर्वी राज्याची मागणी १,८२६ मेगावॅट होती. त्यात वारा ८८३, गॅसचे मोजके संच ३३० आणि आयात ६१३ मेगावॅट. आयातीतला मोठा भाग हेवूडवरून येत होता आणि त्या जोडणीची मर्यादा तेव्हा ६०० मेगावॅट होती. म्हणजे मुख्य नाळ जवळजवळ भरलेली, आणि तिच्या अलीकडे फिरती यंत्रं थोडीच.

हवामान खात्याचा इशारा होता. ताशी १२० किलोमीटरपर्यंतच्या झोतांचा अंदाज पुढे १४० वर नेला गेला. नियंत्रण कक्षात निर्णय करायचा तो इथे. ग्रीड चालवण्याचा मूळ नियम असा की कोणताही एक घटक, एक लाइन किंवा एक संच, अचानक गेला तरी बाकीचं तगलं पाहिजे. दोन-तीन घटक एकत्र जाण्याचा खरा धोका दिसत असेल तर ऑपरेटर त्या एकत्रित घटनेलाच ‘एक घटना’ मानू शकतो आणि त्यानुसार ग्रीड आधीच सावधपणे चालवू शकतो. वणवा आणि वीज पडणे यांसाठी याचे निकष रुळलेले होते. नुसत्या वाऱ्यासाठी तसा ठरलेला निकष नव्हता.

पर्याय तीन होते. पहिला, सगळं आहे तसं चालू ठेवायचं. दुसरा, हेवूडवरची आयात आधीच उतरवायची, म्हणजे राज्यातले गॅस संच महाग दराने चढवायचे. तिसरा, आयात तेवढीच ठेवून एखाद-दुसरा जास्तीचा संच फक्त जडत्वासाठी कमी लोडवर फिरवत ठेवायचा. बाजारव्यवस्था चालवणारी ऑस्ट्रेलियन एनर्जी मार्केट ऑपरेटर, म्हणजे एईएमओ, पहिल्या पर्यायावर राहिली. कोणती लाइन जाईल याची नेमकी माहिती हातात नव्हती, आणि नियम अशी नेमकी माहिती मागत होता.

या निर्णयाला नंतर खूप नावं ठेवली गेली. ते पूर्ण न्याय्य नाही. प्रत्यक्षात आलेले टॉर्नेडो ताशी १९० ते २६० किलोमीटरचे होते, टॉवरच्या डिझाइनच्या पलीकडचे. ते कुणाच्याच अंदाजात नव्हते. पण आयात उतरवायला टॉर्नेडोचा अंदाज लागत नाही. नाळ भरलेली, यंत्रं कमी आणि बाहेर वादळ, या तीन गोष्टी एकत्र दिसत होत्या. त्यांच्या बेरजेकडे पाहायला नियमात जागा नव्हती, हे खरं दुखणं.

दीड मिनिट

पहिला फॉल्ट, म्हणजे वाहिनीवरचा बिघाड, १६:१६:४६ ला झाला. पुढच्या ८७ सेकंदांत एकूण पाच फॉल्ट झाले. दोन टॉर्नेडोंनी जवळजवळ एकाच वेळी, एकमेकांपासून सुमारे १७० किलोमीटर अंतरावर, एक सिंगल सर्किट आणि एक डबल सर्किट अशा २७५ केव्हीच्या वाहिन्या पाडल्या. फॉल्ट झाला की लाइन तोडणारा स्विच म्हणजे ब्रेकर, आणि तो आपोआप परत लागण्याची सोय असते. टॉवर जमिनीवर असेल तर ब्रेकर परत लागतो तो फॉल्टवरच, आणि व्होल्टेज पुन्हा आपटतं. व्होल्टेजच्या अशा क्षणिक घसरणी, म्हणजे डिप, एकूण सहा मोजल्या गेल्या.

इथवर सगळं शिस्तीत चाललं होतं. प्रत्येक फॉल्ट रिलेने, म्हणजे बिघाड ओळखणाऱ्या उपकरणाने, वेळेत ओळखला, ब्रेकरने वेळेत तोडला, व्होल्टेज परत आलं. पवनचक्क्याही प्रत्येक डिप सोसून पुन्हा उत्पादनावर आल्या. जोराच्या वाऱ्यामुळे स्वतःहून थांबलेल्या पवनचक्क्यांचा वाटा अगदी किरकोळ होता, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ‘वादळात पवनचक्क्या बंद पडल्या’ ही समजूत अजून पुसलेली नाही.

डिपची संख्या वाढत गेली तसं राज्याच्या मध्य-उत्तर भागातल्या नऊ पवन प्रकल्पांचं उत्पादन घटलं. सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट गेले. ही तूट भरून काढायला एकच वाट उरली होती, हेवूड. तिच्यावरचा प्रवाह ८५० ते ९०० मेगावॅटपर्यंत चढला. इतका भार आला की दोन टोकांच्या व्होल्टेजमधला कोन उघडत जातो आणि मधलं व्होल्टेज खचतं. दोन्ही बाजूंची यंत्रं एकमेकांचा ताल सोडणार, हे ओळखून लाइन तोडणारी संरक्षण योजना तिथे होती. शेवटच्या प्रकल्पाचं उत्पादन घटल्यावर सुमारे ७०० मिलिसेकंदांत तिने हेवूड तोडली. तिने तिचं काम बरोबर केलं. पण त्या क्षणी राज्य सुमारे ९०० मेगावॅटच्या तुटीसह एकटं पडलं.

मूळ दुखणं: मोजणीचा आकडा

व्होल्टेज आपटलं तरी ग्रीडला धरून राहायचं, या गुणाला आपल्याकडेही एलव्हीआरटी (लो व्होल्टेज राइड थ्रू) म्हणतात. हे करताना पवनचक्कीच्या आत काय होतं ते पाहू. वारा तर पात्याला ढकलतच असतो. व्होल्टेज पडल्यामुळे तेवढी वीज बाहेर जाऊ शकत नाही. ही अडकलेली ऊर्जा कन्व्हर्टरमधल्या चॉपरच्या रेझिस्टरमध्ये उष्णता म्हणून जाळली जाते. शिवाय प्रत्येक डिपला गिअरबॉक्स आणि शाफ्टला टॉर्कचा झटका बसतो. एक डिप सोसला की रेझिस्टरला थंड व्हायला वेळ हवा. म्हणून उत्पादक कंट्रोलरमध्ये मर्यादा भरतो: दोन मिनिटांत इतके डिप झाले की उत्पादन सोडून द्यायचं.

ही मर्यादा चुकीची नव्हती. यंत्र जळण्यापासून वाचवायला तिची गरज आहे. नऊपैकी आठ प्रकल्पांमध्ये हीच मर्यादा ओलांडली गेली. ज्यांची मर्यादा जास्त होती ते प्रकल्प त्याच वादळात शेवटपर्यंत चालू राहिले. म्हणजे प्रश्न तंत्राचा नव्हता, सेटिंगचा होता.

गडबड इथे होती: जोडणीच्या वेळी दिलेल्या संगणकी मॉडेलमध्ये ही मोजणी नव्हती. एक डिप दिला की मॉडेल उत्तम वागायचं. जोडणीच्या अभ्यासात सहा डिप एकापाठोपाठ देऊन कुणी पाहिले नव्हते, आणि पाहिले असते तरी मॉडेलने सगळं ठीक असल्याचंच सांगितलं असतं. एईएमओच्या अहवालाने हे स्पष्ट लिहिलं की ही तूट पडली नसती तर, त्यांच्या सिम्युलेशननुसार, राज्य व्हिक्टोरियाशी जोडलेलं राहिलं असतं. टॉवर पडूनसुद्धा.

फ्रिक्वेन्सी वाचवायला वेळ का मिळाला नाही

तूट पडली की शेवटचा बचाव म्हणजे फ्रिक्वेन्सी घसरताना टप्प्याटप्प्याने फीडर, म्हणजे ग्राहकांकडे वीज नेणाऱ्या वाहिन्या, आपोआप तोडणं. ही व्यवस्था दक्षिण ऑस्ट्रेलियात होती आणि ४९ हर्ट्झपासून कामाला लागणारी होती. तरीही ती राज्य वाचवू शकली नाही.

कारण फ्रिक्वेन्सी सेकंदाला ६ हर्ट्झहून जास्त वेगाने घसरली, सरासरी ६.२५. या वेगाने ४९ वरून ४७ वर यायला एक तृतीयांश सेकंद लागतो. रिलेला फ्रिक्वेन्सी मोजायला काही सायकल लागतात, मग ट्रिपचा आदेश जातो, मग ब्रेकरचे कॉन्टॅक्ट उघडतात. फीडर सुटायच्या आत फ्रिक्वेन्सी ४७ च्या खाली गेली आणि उरलेले गॅस संच स्वतःच्या संरक्षणासाठी बाहेर पडले.

यामागचा हिशेब कागदावर करता येतो. घसरणीचा वेग म्हणजे तूट गुणिले ५०, भागिले फिरत्या यंत्रांत साठलेल्या ऊर्जेची दुप्पट. तूट ९०० मेगावॅट, वेग ६.२५, तर साठलेली ऊर्जा निघते साधारण ३,६०० मेगावॅट-सेकंद. व्होल्टेज खचल्यामुळे मागणीही बदलत होती, म्हणून हा आकडा ढोबळ समजावा. तो लक्षात मात्र ठेवावा, पुढे लागणार आहे.

वीज परत आणताना

पूर्ण अंधारातून ग्रीड उभं करायचं तर बाहेरच्या विजेशिवाय सुरू होणारा संच लागतो. याला ब्लॅकस्टार्ट म्हणतात. त्यासाठी दोन केंद्रांशी करार होते. पहिल्या ठिकाणी छोटा संच सुरू झाला, पण स्विचिंगच्या क्रमामुळे मोठ्या संचापर्यंत वीज पोचवता आली नाही. दुसऱ्या ठिकाणी आपत्कालीन डिझेल जनरेटरचं स्टेटर वाइंडिंगच गेलं. दोन करार कागदावर होते, पण प्रत्यक्षात एकही ब्लॅकस्टार्ट झाला नाही. शेवटी व्हिक्टोरियाकडून हेवूडमार्गे वीज घेऊन जाळं उभं करण्यावर काम भागलं. नशीब, की टॉर्नेडोंनी तोडलेल्या वाहिन्या उत्तरेकडच्या होत्या आणि हेवूडची वाट शाबूत होती.

संध्याकाळी सातपर्यंत पहिले ग्राहक परत आले. साडेआठपर्यंत जेवढा भार परत देणं शक्य होतं त्यातला ४० टक्के, मध्यरात्रीपर्यंत ८० ते ९० टक्के. उत्तरेकडच्या भागाला तात्पुरते टॉवर उभे राहीपर्यंत थांबावं लागलं. सगळे ग्राहक जोडले जायला ११ ऑक्टोबर उजाडला.

ब्लॅकस्टार्टच्या चाचणीबद्दल एक गोष्ट जगभर खरी आहे. चाचणी नेहमी सोयीच्या दिवशी होते, जाळं जिवंत असताना आणि संच गरम असताना. ज्या क्रमाने खरोखर स्विचिंग करावं लागेल, त्याच क्रमाने, त्याच ट्रान्सफॉर्मरमधून, मेलेल्या बसवर, म्हणजे उपकेंद्रातल्या वीज नसलेल्या मुख्य वाहकावर, चाचणी घेतली नाही तर तिला चाचणी म्हणता येत नाही.

घटनेनंतरचे पर्याय

पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय लगेच झाला. पवन प्रकल्पांनी, जिथे यंत्र सोसू शकत होतं तिथे, डिपची मर्यादा वाढवली. यासाठी कुठेही नवी लाइन टाकावी लागली नाही. तितकेच डिप पुन्हा आले तर तेच पुन्हा होणार नाही, एवढी खात्री यातून मिळाली. मर्यादेपेक्षा एक डिप जास्त आला तर काय, हा प्रश्न उरला.

दुसरा उपाय गॅसचा. ऑक्टोबर २०१६ मध्येच राज्य सरकारने बंधन घातलं की हेवूड तुटली तर घसरणीचा वेग सेकंदाला ३ हर्ट्झच्या वर जाता कामा नये, अशा बेताने ग्रीड चालवायचं. पुढे किमान इतके फिरते संच चालू हवेत असं ठरलं, आणि २०१७ पासून वारा व तत्सम उत्पादनावर साधारण १,२०० मेगावॅटची मर्यादा आली. हा उपाय लगेच लागू करता आला, पण त्याची किंमत रोज मोजावी लागली. भरपूर वारा असलेल्या दिवशी दर पडायचे, गॅस केंद्राला चालणं परवडायचं नाही, मग एईएमओ आदेश देऊन संच चालवायला लावायची आणि भरपाई ग्राहकांवर पडायची. इकडे वारा बांधून ठेवायचा आणि तिकडे गॅस जाळायचा, असं वर्षानुवर्षं चाललं.

तिसरा उपाय बॅटरीचा. १०० मेगावॅट आणि १२९ मेगावॅट-तासांची हॉर्न्सडेलची बॅटरी १ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाली. दोनच आठवड्यांत, १४ डिसेंबरला, व्हिक्टोरियात ५६० मेगावॅटचा एक कोळसा संच ट्रिप झाला आणि बॅटरीने पापणी लवायच्या आत प्रतिसाद दिला. याचे खूप गोडवे गायले गेले. दिलेली वीज ७ मेगावॅटच्या आसपास होती, तेव्हा बॅटरीने ग्रीड वाचवलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. मात्र वेग खरा होता, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाला वेगाचीच गरज होती. त्याच महिन्यात हेवूडसाठी तीन टप्प्यांची विशेष संरक्षण योजना कामाला लागली: प्रवाह धोक्याकडे चढू लागला की आधी बॅटरीतून झटपट वीज, तेवढ्याने न भागल्यास २०० ते ३०० मेगावॅट भार तत्काळ तोडायचा, आणि तरीही नाही भागलं तरच लाइन तोडायची. २०१६ मध्ये पहिले दोन टप्पे नव्हते. थेट तिसराच होता.

चौथा उपाय सिंक्रोनस कंडेन्सरचा, आणि या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा निर्णय हाच. सिंक्रोनस कंडेन्सर म्हणजे इंधनाशिवायचा जनरेटर. ग्रीडमधून थोडी वीज घेऊन तो फिरत राहतो, व्होल्टेज सावरतो, फॉल्टच्या वेळी रिलेला ओळखू येईल इतका करंट देतो आणि फ्लायव्हील जोडलं तर जडत्वही देतो. पारेषण कंपनी इलेक्ट्रानेटने असे चार बसवले, डेव्हनपोर्टला दोन आणि रॉबर्ट्सटाउनला दोन. खर्च सुमारे १६.६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. २०२१ मध्ये चारही चालू झाले. डेव्हनपोर्ट उपकेंद्र पोर्ट ऑगस्टाजवळच आहे, जिथलं कोळसा केंद्र पाच वर्षांपूर्वी बंद झालं होतं.

आता मघाचा हिशेब. प्रत्येक कंडेन्सरसोबत फ्लायव्हीलसह सुमारे १,१०० मेगावॅट-सेकंद ऊर्जा येते, चार मिळून ४,४००. ती आधीच्या ३,६०० मध्ये मिळवली तर ८,००० होते. तीच ९०० मेगावॅटची तूट धरली तर वेग येतो सेकंदाला २.८ हर्ट्झ. म्हणजे ४९ वरून ४७ वर यायला पाऊण सेकंदाच्या आसपास मिळतो, आणि रिले व ब्रेकरला तेवढा पुरतो. कंडेन्सर आल्यावर चालू ठेवायचे गॅस संच कमी केले गेले, तेव्हा प्रत्यक्षात ही सरळ बेरीज नाही. दिशा मात्र यावरून कळते. किमान चार संचांची अट दोनवर आली आणि १,२०० ची मर्यादा २,५०० मेगावॅटपर्यंत वाढवता आली.

निष्पत्ती

खरी परीक्षा दोनदा झाली. ३१ जानेवारी २०२० रोजी व्हिक्टोरियातले टॉवर वादळात पडले आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया १७ दिवस मुख्य ग्रीडपासून तुटलेलं राहिलं. राज्यात अंधार झाला नाही. १२ नोव्हेंबर २०२२ ला वादळाने टेलम बेंडच्या दक्षिणेकडे हेवूडला जाणाऱ्या वाहिनीचा टॉवर पाडला आणि राज्य आठवडाभर एकटं पडलं. वितरणाच्या तारा तुटून अनेक घरांची वीज गेली, पण ग्रीड उभं राहिलं.

दुसऱ्या वेळी दुखणं नेमकं उलट होतं. वीज कमी पडत नव्हती, भर दुपारी ती जास्त होत होती, तीही घरांच्या छपरांवरून, जिथे नियंत्रण कक्षाचा हात सहज पोचत नाही. त्यासाठी २८ सप्टेंबर २०२० पासून, म्हणजे त्या अंधाराच्या चौथ्या वर्षदिनापासून, राज्यात नव्या छपरी सौर संचाला दुरून बंद करण्याची सोय सक्तीची झाली होती. जुन्या संचांना अशी सोय नव्हती. त्यांच्यासाठी उपकेंद्रात व्होल्टेज मुद्दाम थोडं चढवतात, म्हणजे इन्व्हर्टर स्वतःच्या जादा व्होल्टेजच्या सेटिंगवर बाहेर पडतात. उपाय ओबडधोबड आहे. एका फीडरवरच्या घरांची उपकरणं आणि सौर संच दोघांनाही तेच चढलेलं व्होल्टेज मिळतं. पण आणीबाणीत दुसरं हत्यार नव्हतं.

नियमांतही बदल झाले. नव्या जोडणीसाठीच्या सर्वोच्च निकषात आता पाच मिनिटांत १५ डिप सोसण्याची अपेक्षा लिहिली आहे. मॉडेल देताना कंट्रोलरचं खरं वागणं त्यात उतरलं पाहिजे, असे दंडक आले. पवन प्रकल्प चालवणाऱ्या चार कंपन्यांविरुद्ध नियामकाने न्यायालयात दावे लावले आणि दंडही झाले. आरोप पवनचक्क्या बंद पडल्याचा नव्हता, मंजुरी न घेतलेल्या सेटिंगवर यंत्रं चालवल्याचा होता. हा फरक महत्त्वाचा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

नॉर्दर्न केंद्र बंद होण्याची वेळ आली तेव्हाच त्याच्या जनरेटरचं जडत्व आणि फॉल्ट करंट कुठून आणायचा, हा प्रश्न मेगावॅटच्या जोडीने विचारायला हवा होता. कंडेन्सर पाच वर्षांनी आले. तेच केंद्र बंद होतानाच आले असते तर मधली वर्षं गॅस संचांना आदेश देण्यात आणि वारा बांधून ठेवण्यात गेली नसती.

दुसरं, वादळाच्या दिवशी हेवूड थोडी रिकामी ठेवणं. १५० मेगावॅट आयात कमी असती तर ४५६ ची तूट पडूनही प्रवाह कदाचित तुटण्याच्या पातळीखाली राहिला असता. त्या एका दुपारची गॅसची किंमत राज्याच्या अंधारापुढे काहीच नव्हती. हे मागे वळून पाहताना सोपं दिसतं, म्हणूनच ते ऑपरेटरच्या धैर्यावर न सोडता नियमात बसवायला हवं. ऑस्ट्रेलियात पुढे ‘नेमकं सांगता न येणारा, पण खरा धोका’ हाताळण्याची मुभा नियमात आली, ती याच कारणाने.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल किंवा साताऱ्याकडचं वनकुसवडे पठार, इथल्या जुन्या पवनचक्क्या एलव्हीआरटीच्या अटीआधीच्या आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या दुरुस्तीनुसार ही अट ६६ केव्ही व त्यावर जोडलेल्या आणि १५ एप्रिल २०१४ नंतरच्या पवन प्रकल्पांना लागली: व्होल्टेज नेहमीच्या १५ टक्केच उरलं तरी ३०० मिलिसेकंद धरून राहायचं. यात एका डिपची खोली आणि लांबी आहे. वळवाच्या पावसात मात्र एकाच पट्ट्यात लाइन लागोपाठ ट्रिप होतात, ब्रेकर परत लागतो, पुन्हा ट्रिप होतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात घात याच मालिकेने केला.

म्हणून पवन किंवा सौर प्रकल्प जोडून घेताना उत्पादकाकडून लेखी घ्यायच्या गोष्टी अशा. किती डिप, किती वेळात सोसणार. मर्यादा गाठली की यंत्र काय करणार: उत्पादन शून्यावर नेऊन जोडलेलं राहणार, की ब्रेकर उघडणार. मोजणी केव्हा शून्यावर येते आणि पुन्हा चालू व्हायला किती मिनिटं लागतात. कंट्रोलरचं सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर हे आकडे बदलले तर राज्य भार प्रेषण केंद्राला कोण आणि किती दिवसांत कळवणार. या शेवटच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त टाळाटाळ होते. अपडेट दुरून, रात्रीतून होतो आणि जोडणीच्या फायलीत जुनाच आकडा राहतो.

प्रत्येक ट्रिपनंतर इन्व्हर्टरचा आणि पवनचक्कीचा इव्हेंट लॉग उपकेंद्राच्या डिस्टर्बन्स रेकॉर्डरशी, म्हणजे बिघाडाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राशी, लावून पाहावा. तो जुळण्यासाठी दोन्हींची घड्याळं जीपीएसशी बांधलेली हवीत. पुष्कळ ठिकाणी ती काही सेकंदांनी, कुठे काही मिनिटांनी पुढेमागे असतात, आणि मग ८७ सेकंदांतल्या पाच फॉल्टचा क्रम नंतर कुणालाच लावता येत नाही. रेकॉर्डरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ शेजारी धरून पाहायला कंट्रोल रूममधल्या एका माणसाला पाच मिनिटं पुरतात.